तगली तर हीच, फुटली तर नवी

त्या संध्याकाळी मी पडवीत बसून वाल सोलत होतो आणि झाबेल समोर बसून गितारीच्या तारा सैल करत होती. यात लिहिण्यासारखं काही नाही. रोज संध्याकाळी ती तारा सैल करायची आणि रोज सकाळी पुन्हा ताणायची. समुद्राकाठच्या ओल्या हवेत रात्रभर तारा ताणलेल्या राहिल्या तर लाकूड वाकतं, असं तिच्या बापाने तिला सांगितलं होतं, आणि बापाने सांगितलेलं तिने कधी मोडलं नाही. नवऱ्याने सांगितलेलं रोज मोडलं. खुंटी फिरवली की तार कण्हत खाली उतरायची, मग दुसरी, मग तिसरी. सहाही उतरल्या की ती गितारीच्या पोटावर तळहात ठेवायची, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा, आणि मग उठून गितार भिंतीच्या खुंटीला टांगायची. त्या दिवशी तिने तळहात उचललाच नाही.

"पास्कू, हात लाव इकडं."

मी वालाचे हात पुसले आणि लावला. तारा जिथे बांधतात त्या पट्टीच्या मागे पोट फुगलं होतं. शेजारी जी जुनी चीर आहे, तिच्यात नख जाईल एवढी फट पडली होती.

"फुगलीय," मी म्हटलं.

"ते मला म्हातारीला पण दिसतं. आता काय करायचं ते बोल."

"दुरुस्त करायची. अजून काय?"

"कोण करणार? तू?" असं म्हणून ती अशी हसली की सूप हललं आणि सोललेले वाल सगळे पडवीभर पांगले. मग आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर रांगत ते वाल वेचत राहिलो. वेचता वेचताच ती म्हणाली, "हे बघ, महिनाभर हेच चाललंय. तू म्हणतोस दुरुस्त कर, पोरगा म्हणतो नवी घे, शेजारची लुसी म्हणते दोन्ही कर. मला कंटाळा आला. उद्या सकाळी मी तारा देवळाच्या घंटेच्या सुराला लावते. पुऱ्या. तगली तर हीच, फुटली तर नवी. मग कोणी तोंड उघडायचं न्हाय. कबूल?"

"आणि अर्धवट फुटली तर?"

"तर तुला घराबाहेर काढीन."

मी कबूल म्हटलं. मग आम्ही जेवलो, प्रार्थनेची माळ म्हटली, झोपलो... सकाळी ती उठली नाही.

याला आता काही आठवडे झाले. आमच्या कोर्लईत सध्या उपासाचा काळ चालू आहे आणि या दिवसांत आमच्या वाडीत कोणी वाद्याला हात लावत नाही, म्हणून गितारही कापडात गुंडाळून भिंतीला आहे. पोरगा मुंबईहून येतो, जातो, आणि जाताना दारात उभा राहून विचारतो, "पाय, हिचं करायचं काय?" आमच्यात बापाला पाय म्हणतात. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तोंडाने मला ते सांगता येत नाही. फादर म्हणाले, पेपरच्या पुरवणीत आपल्या माणसांवर लिहून देतात, तू झाबेलवर लिही. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला, पुढे सगळा जन्म खाडीवर होड्या दुरुस्त करण्यात गेला. पण म्हटलं, लिहून बघू. पोरगा वाचील. घरात आम्ही आमच्या वाडीच्या बोलीत बोलायचो, तिथे नवराबायको एकमेकांना सरळ तू म्हणतात, तेच मी मराठीत लिहितो. कोणाला खटकलं तर खटको.

झाबेलचा बाप बोटीवर स्वयंपाकी होता. पार दूरच्या बंदरांना जायचा. एका खेपेला तो सामानाच्या पेटीऐवजी गितार घेऊन उतरला आणि त्याच्या बायकोने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, कारण तिने पातेली मागवली होती. मुलगा नव्हता त्याला, म्हणून त्याने ती पोरीच्या हातात दिली. त्या काळी बाया गायच्या आणि वाजवायचे ते पुरुष. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात बाया घसा फाटेपर्यंत गातात, पण बाई मांडीवर गितार घेऊन बसलीय हे कोणी बघितलं नव्हतं. बापाला त्याचं काही नव्हतं. तो म्हणायचा, बोटीवर सगळी कामं बापेच करतात, भात शिजवतात, कपडे शिवतात, मग जमिनीवर एक काम बाईने केलं तर काय बुडतं?

माझी आणि तिची गाठ त्या गितारीनेच पडली. तिची एक खुंटी मोडली होती. बापाने मला घरी बोलावलं, कारण वाडीत लाकडाला हात लावणारा मीच एक. मी मोडकी खुंटी घेऊन गेलो आणि दोन दिवसांनी नवी करून आणली. सागाची, घट्ट, चांगली. झाबेल दाराआडून बघत होती. बापाच्या हातात ती खुंटी बघितली आणि बाहेर आली. म्हणाली, "हिला काय पन्नास खंडी भात बांधून न्यायचंय? होडीची खुंटी आणलीस रे!" मला राग आला. मी म्हटलं, मोडणार तरी नाही. ती म्हणाली, "व्हय, मान मोडेल, खुंटी न्हाय मोडणार." मी ती परत नेऊन तासली, पुन्हा आणली, तिने पुन्हा परत धाडली. असं किती वेळा झालं देव जाणे. शेवटी तिचा बाप माझ्या बापाला बाजारात भेटला आणि म्हणाला, तुझा पोरगा माझ्या उंबऱ्यावरच राहतो, तर मग लग्नच लावू. ती खुंटी अजून आहे. बाकीच्या पाच काळ्या आणि ती एक सागाची.

लग्न होऊन ती घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी मला कळलं की आपण कोणाशी लग्न केलं. पहाटेची देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा वाजते तिला मी काही कधी उठलेलो नाही. लहानपणापासून ऐकतोय, कान मेलेले. पण घंटा संपता संपता माझ्या उशाशी टणण् झालं आणि मी उठून बसलो. झाबेल ओट्यावर गितार घेऊन तारा लावत होती. जाड तार ती घंटेच्या सुराला लावायची. कान तिरका करून ऐकायची, खुंटी फिरवायची, आणि घंटा आणि तार एक झाली की मान हलवायची. मग त्या एका तारेवरून बाकीच्या पाच. बाप बोटीवर असताना भोंग्याला लावायचा म्हणे, पोरीने घंटेला लावली. ते सहा आवाज, एकामागून एक, मी जन्मभर ऐकले. मला एक गाणं वाजवता येत नाही, पण ते सहा आवाज मला भूक लागल्यासारखे कळतात. मला त्याने जाग यायची. शेजारच्या लुसीबायला पण. ती तर सांगायची, झाबेलची तिसरी तार वाजली की मी चुलीत फुंकणी घालते. वर्षातून एकदा, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, तारा सैल पडून राहायच्या, आणि ते सगळे दिवस मी कामावर उशिरा पोचायचो. खाडीवरचे लोक म्हणायचे, पास्कूचा उपास लागला वाटतं, अजून झोपलाय.

आता त्या चिरेचं सांगतो.

जोकीच्या वेळी, म्हणजे आमचा पोरगा, झाबेल बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर म्हणजे चार घरं पलीकडे, पण गेली ती गेली. पाऊस फार होता त्या साली. ओल लागू नये म्हणून आम्ही इथे सगळं चुलीच्या वर माळ्यावर टाकतो. सुकी मासळी, मिरच्या, बियाणं. मी गितारही टाकली. खालून जाळ, वरून कौलातून पाण्याचा थेंब... एक दिवस खाली काढली तर पोटाला मधल्या भोकापासून तळापर्यंत उभी चीर. तिला काय सांगू? मग विचार केला, पास्कू, तू रडतोस कशाला? चीर म्हणजे काय, फळीची फट. जन्मभर तेच काम करतोस.

आणि मी ते केलं. आम्ही होडीला जसं करतो तसंच. फटीत पिंजलेला कापूस बोथट पटाशीने ठोकून ठोकून बसवला, वर राळ वितळवून ओतली, आणि ती सुकल्यावर सगळ्या पोटाला मोरीच्या माशाचं तेल चोळलं, दोन हात, आतून बाहेरून. त्या तेलाने लाकडाला पाणी लागत नाही. पूर्ण झाल्यावर मी तिच्यात पाणी ओतून बघितलं. थेंब गळला नाही. खोटं सांगत नाही, एवढं सुंदर काम मी तोवर केलं नव्हतं.

झाबेल बाळ घेऊन घरी आली. उंबऱ्यातच थांबली, नाक वर केलं.

"घरात मोरी मेलीय का?"

मी गितार पुढे केली. तिने बाळ माझ्याकडे दिलं, गितार घेतली, तारा चढवल्या, आणि एकदा अंगठा फिरवला. दुप्. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं. पुन्हा फिरवला. दुप्. मी म्हटलं, "आता पाण्यात टाकली तरी बुडणार न्हाय." तिने गितार कोपऱ्यात उभी केली आणि दिवसभर माझ्याकडे पाठ करून राहिली. मी बाळाला घेऊन अंगणात फेऱ्या मारत होतो. संध्याकाळी लुसीबाय बाळ बघायला आली, तिच्या मागून तिची मांजर आली, आणि मांजर सरळ गितारीपाशी जाऊन पोट चाटायला लागली. तेव्हा झाबेल हसायला लागली ती थांबेना. टाक्यांना ताण पडेल म्हणून तिला सोडायला आलेली माझी सासू ओरडायला लागली, तरी थांबेना. "लुसी, बघ गं, नवऱ्याने माझी होडी केली. आता हिला नाव दे आणि समुद्रात लोट!"

मग कित्येक दुपारी, बाळ झोपलं की, ती शिंपला घेऊन बसायची आणि पोटावरचं तेल खरवडायची, चिरेच्या दोन्ही बाजूंची राळ खरवडायची. चिरेतली मात्र राहू दिली. हळूहळू गितारीला आवाज फुटला. पहिला नाही, दुसराच. जाड, थोडा घोगरा. आणि तेव्हापासून तिने तारा घंटेला लावणं सोडलं. घंटेच्या दोन पायऱ्या खाली लावायची. सकाळी जाड तार चढायची, घंटेपर्यंत येईल असं वाटायचं आणि अलीकडेच थांबायची. मी विचारलं तर म्हणाली, "हिला जोर सोसायचा न्हाय आता." झालं. पण गंमत अशी की गितार खाली गेली म्हणून गाणीही खाली गेली. मांडवात झाबेल वाजवायची आणि बाया तिच्या मागून गायच्या. आज आमच्या वाडीतल्या बाया लग्नात जाड आवाजात गातात, त्यांच्या पोरीही तशाच गातात. पाहुणे विचारतात, तुमच्या बायांचे आवाज असे भारी कसे? लुसीबाय माझ्याकडे बोट दाखवते. "या बाप्याला विचारा. यानं आमच्या गळ्यात राळ ओतली."

जोकी मुंबईला गोदीत लागल्यावर आम्ही एकदा रेवदंड्याहून आगबोटीने मुंबईला गेलो, गितार चादरीत बांधून. तिथे एका गल्लीत वाद्यं दुरुस्त करणारा गोव्याचा एक म्हातारा होता. त्याने चादर सोडली, पोटावर बोट वाजवलं, मग भोकापाशी नाक नेलं. म्हणाला, "बाय, हिला मासळी कोणी खायला घातली?" झाबेलने माझ्याकडे बघितलंच नाही, एवढी ती चांगली. त्याने सांगितलं, पोटाची फळी पूर्ण काढून नवी बसवावी लागेल, नाहीतर दुसरी गितार घ्या.

झाबेलने विचारलं, "फळी बदलली तर हीच राहील?"

मी म्हटलं, "न राहायला काय झालं? तांडेलाच्या मचव्याच्या मी किती फळ्या बदलल्या. तळाची बदलली, बाजूच्या बदलल्या, आता मूळची एक असेल नसेल. तरी मचवा तोच. त्याच नावाने हाका मारतात."

"मचव्याला गळा नसतो," ती म्हणाली.

त्याने तिच्या हातात एक नवी गितार दिली. पिवळी, चकचकीत. झाबेलने ती घेतली, वाजवली, आणि तिचा चेहरा मी बघितला. सोळा वर्षांची दिसली. वरचे सूर, जे तिने जोकी झाल्यापासून वाजवले नव्हते, ते तिने तिथे भरल्या दुकानात वाजवले, आणि रस्त्यावरचा एक पाववाला टोपली खाली ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता ही घेणार. मी तयार होतो. ती थांबली, नवी गितार नाकाशी नेली, आणि परत दिली.

"हिला काही वासच न्हाय," म्हणाली.

म्हातारा हसला. आम्ही जुनी परत चादरीत बांधली, तशीच, फळी न बदलता, आणि बोटीवर येऊन बसलो. खांदेरी बेटावरच्या दिव्यापाशी ती म्हणाली, "आवाज चांगला होता रे तिचा." मी व्हय म्हटलं. पुढे तो विषय आम्ही कित्येक वर्षं काढला नाही.

तो निघाला यंदा, थंडीत. झाबेलची बोटं आखडायला लागली होती. जाड तार दाबताना तोंड वाकडं व्हायचं. त्यातच पोट फुगलं. जोकी नाताळाला आला होता, त्याने बघितलं आणि म्हणाला, "माय, मी तुला नवी आणतो. हलकी असते, बोटाला त्रास न्हाय." मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "आण."

मला ते लागलं. का लागलं ते मला सांगता येत नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं सांभाळली, आता टाकून देणार? ती म्हणाली, "मला वाजवायचंय पास्कू. भिंतीला टांगून तिला हार घालायचा न्हाय मला." मी म्हटलं, मी नीट करतो, आता मला कळतं, तेल लावणार नाही. ती म्हणाली, "तू हात लावू नकोस." मग मी दोन दिवस जेवताना मासळी मागून घेतली नाही, तिनेही वाढली नाही. मग लुसीबाय आली, दोघांना शिव्या दिल्या, आणि आम्ही पुन्हा बोलायला लागलो, पण गितारीवर आलो की पुन्हा तेच. मी म्हणायचो दुरुस्त, ती म्हणायची नवी. कधी मी म्हणायचो, बरं घे नवी, तर ती म्हणायची, "आणि हिला मी काय सांगू?" असा महिना गेला. शेवटी ती संध्याकाळ आली, ते वाल सांडले, आणि तिने तो ठराव केला.

ती गेली त्या दिवशी आगबोटीवरच्या माणसाबरोबर जोकीला निरोप धाडला. बिचाऱ्या त्या माणसाला खरं सांगवलं नाही, त्याने एवढंच सांगितलं की माय आजारी आहे, निघ. म्हणून जोकी मायला बरं वाटावं म्हणून नवी गितार घेऊन आला. तो अंगणात शिरला तेव्हा काखेत ती कागदात गुंडाळलेली, आणि अंगणात सगळी वाडी जमलेली. तो ती काखेतून काढीना. प्रार्थना चालली तरी काढीना. शेवटी लुसीबायने त्याच्या काखेतून ती सोडवून घेतली आणि कोपऱ्यात उभी केली. मातीला जाताना कोणी जुनी गितार शवपेटीत ठेवा म्हणाले, कोणी नवी. मी दोन्हीला नको म्हटलं. तिच्या हातात माळ होती, ती पुरे.

मग आठवड्याने, घर रिकामं झाल्यावर, लुसीबाय पेज घेऊन आली आणि पायरीवर बसली. तिच्या मनात काही होतं हे मला दिसत होतं. म्हणाली, "पास्कू, तुला एक सांगू? ती तारा खाली का लावायची, ठाऊक हाय?"

"गितारीला जोर सोसत नव्हता."

"खुळा हायस. तिला काय ठाऊक, सोसतो की न्हाय? तिनं कधी बघितलंच न्हाय चढवून. मी किती वेळा म्हटलं, अगं लाव एकदा वर, बघ तरी. ती म्हणायची, लुसी, फुटली तर त्याच सांध्यात फुटेल. मग पास्कू म्हातारा होईस्तोवर त्या सांध्याकडं बघत बसेल. राहू दे खालीच. गाता येतंय ना?"

लुसीबाय गेली. मी पेज तशीच ठेवली... माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी जन्मभर खालच्या आवाजात गातं, आणि आपण शेजारी झोपून ते आपल्याला कळत नाही. आणि मग शेवटी, महिनाभर माझी कटकट ऐकून ती म्हणाली, लावते उद्या, पुऱ्या. म्हणजे तिला वाटलं असेल की हा आता पुरेसा म्हातारा झाला, आता फुटली तरी सोसेल. का तिला तो सांधा तगेल असं वाटलं होतं? विचारायला आता कोणी नाही.

लुसीबायला हे अर्धंच ठाऊक होतं, आणि जोकीला अजून काहीच ठाऊक नाही, की त्या सकाळी काय झालं होतं. तेच सांगायचं राहिलं.

त्या सकाळी मला घंटेने जाग आली. जन्मात पहिल्यांदा. मी पडून ऐकत राहिलो आणि अर्धवट झोपेत वाटलं, राखेचा बुधवार आला वाटतं, उपास लागला. मग आठवलं की त्याला अजून अवकाश आहे. कूस बदलली. झाबेल माझ्याकडे तोंड करून होती, हात गालाखाली. मी म्हटलं, उठ, आज तुझी परीक्षा. हात धरला... गार होता. मी तो तसाच धरून बसलो. घंटा चालू होती. आमच्याकडे ती तीनदा थांबून थांबून वाजते, त्यातली शेवटची राहिली होती.

मला कळत होतं की आता उठून लुसीबायला हाक मारायची. हाक मारली की घर भरेल, बाया रडतील, मेणबत्त्या लागतील, आणि मग त्या गितारीच्या तारा आज कोणी ताणणार नाही, आणि उद्याही नाही. तिने सांगितलेलं काम तसंच राहील. म्हणून मी हाक मारली नाही. मी गितार खुंटीवरून काढली, ओट्यावर तिच्या जागेवर बसलो, आणि शेवटची घंटा सुरू झाली तेव्हा जाड तारेची खुंटी फिरवायला लागलो. ती खुंटी माझी, सागाची. तार कण्हत वर आली, रोजच्या जागी आली, आणि माझा हात आपोआप थांबला. मग मी तो पुढे नेला. घंटा थांबली होती, पण ती कानात होती. तार वर गेली, अजून वर, आणि एका जागी घंटा आणि तार एक झाली. मी मान हलवली. तिच्यासारखी. मग दुसरी. मग तिसरी. ते सहा आवाज मला ठाऊक होते, लग्नाच्या दुसऱ्या सकाळपासूनचे, वरचे, मोकळे. जोकीने ते कधी ऐकलेच नाहीत. चौथ्या तारेला पोट करकरलं. मी तळहात ठेवला. पाचवीला मोठ्याने करकरलं, आणि तो आवाज मी ओळखला. दुरुस्त केलेली होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली की फळ्या एकमेकींना दाबतात, तेव्हा तसाच करकर आवाज येतो. नवखा माणूस घाबरतो. मी नाही घाबरत. मी सहावी लावली आणि थांबलो, हात चिरेवर ठेवून, होडीत बसतात तसा, पाणी येतंय का बघत. करकर कमी झाली. मग थांबली. मी सगळ्या तारांवरून एकदा अंगठा फिरवला. चीर होती तेवढीच राहिली.

"तगली गं," मी म्हटलं.

ती होती तशीच, हात गालाखाली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून लुसीबायचा आवाज आला. चुलीचा धूर पण आला. "काय गं झाबेल, आज उशीर? आणि एवढ्या वर लावल्यास? म्हातारपणी पोरगी झालीस काय?"

मी गितार खुंटीला टांगली, तारा ताणलेल्याच ठेवून. दार उघडलं आणि अंगणात गेलो.

"लुसी," मी म्हटलं, "ती न्हाय. मी हाय."